व्हीएमला पिंग जातं, पण टॉमकॅट दोन मिनिटं थिजतो: व्हर्टआयओ-आरएनजीच्या मर्यादेचा घोळ

लक्षणं आधी. यातली दोन-तीन एकत्र दिसली तरच पुढे वाचा, नाहीतर तुमचं दुखणं वेगळं आहे.

• लाइट जाऊन आली, होस्ट (मूळ मशीन) उठला, व्हीएमला (त्यावरच्या आभासी मशीनला) पिंग जातं, पण एसएसएच (दुरून लॉगिन) दीड-दोन मिनिटं आत घेत नाही. एकदा आत घेतलं की नंतर दिवसभर काहीच तक्रार नाही.
• टॉमकॅटच्या (जावाच्या वेब सर्व्हरच्या) लॉगमध्ये ‘सेशन आयडीसाठी सिक्युअररँडम बनवायला इतके मिलिसेकंद लागले’ अशा अर्थाची ओळ येते आणि तो आकडा लाखाच्या घरात असतो.
• सीपीयू निवांत, डिस्क निवांत, रॅम मोकळी. टॉप उघडून बसलात तरी गुन्हेगार दिसत नाही.
• अडकलेलं काम तालावर सरकतं. मिनिटभर शांतता, क्षणभर हालचाल, परत तेवढीच शांतता.
• कन्सोलवर उगाच कीबोर्ड बडवला की काम लवकर सुटतं. (हे फक्त जुन्या कर्नलवर. तिथे प्रत्येक की दाबण्याच्या वेळेतून थोडी एन्ट्रॉपी, म्हणजे अंदाज न येणारा यादृच्छिकपणा, मिळते.)
• जीपीजीची किंवा डीएनएससेकची (कूटलेखनाची) किल्ली बनवायला घेतली की कमांड तशीच लोंबकळत राहते.

नाशिकच्या अंबड-सातपूरचे कारखाने असोत की पिंपळगाव, दिंडोरीकडची द्राक्षांची पॅकहाउस, मांडणी बहुतेक ठिकाणी एकाच वळणाची असते. एक दणकट मशीन, त्यावर व्हीएम चालवणारं केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्स, आत पाच-सात व्हीएम, आणि त्यातली एखादी सेंटओएस 7 वरची, कारण हिशेबाचं किंवा बारकोडचं सॉफ्टवेअर बनवणारा ‘नव्या लिनक्सवर चालणार नाही’ म्हणतो. सेंटओएस 7 चा आधार 30 जून 2024 ला संपला, तरी ती यंत्रं चालूच आहेत. हा बिघाड मला सगळ्यात जास्त याच व्हीएमवर भेटतो, आणि द्राक्षाच्या हंगामात, सकाळी गाडी भरायच्या वेळी भेटतो.

नेमकं काय होतं

व्हीएमकडे स्वतःचा असा खरा यादृच्छिकपणा कमी असतो. कीबोर्ड नाही, खरी डिस्क नाही. म्हणून होस्ट तिला व्हर्टआयओ-आरएनजी नावाचं आभासी उपकरण देतो. व्हीएम मागते, होस्ट आपल्या साठ्यातून बाइट काढून देतो. एखादी व्हीएम मागतच सुटली तर होस्टचा साठा आटेल किंवा त्याचा वेळ खाल्ला जाईल, म्हणून या उपकरणावर मर्यादा लावता येते: अमुक मिलिसेकंदांच्या एका पीरियडमध्ये जास्तीत जास्त अमुक बाइट.

क्यूएमूमध्ये (होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ही मर्यादा गंगापूर धरणाच्या कालव्याच्या आवर्तनासारखी चालते. आवर्तन सुटलं की आपल्या वाट्याचं पाणी घ्यायचं. पहिल्या तासात सगळं घेऊन टाकलं तर पुढचं आवर्तन सुटेपर्यंत पाट कोरडा. थेंब-थेंब झिरपून मिळत नाही. पीरियड संपला की कोटा एकदम पूर्ण भरतो, त्याआधी शून्य. व्हीएमची विनंती नाकारली जात नाही, ती थांबून राहते. त्यामुळे कुठल्याच लॉगमध्ये चूक म्हणून नोंद होत नाही, आणि माणसं नेटवर्क, डिस्क, अँटिव्हायरस असं सगळं तपासून थकतात.

माझ्या अनुभवात बाइटचा आकडा क्वचितच चुकीचा असतो. चुकीचा असतो तो पीरियड. सेकंदाला 1024 बाइट आणि मिनिटाला 61440 बाइट, कागदावर वेग एकच. पण पहिल्यात सगळ्यात वाईट थांबा एका सेकंदाचा आणि दुसऱ्यात मिनिटाचा. वापरणाऱ्याला सरासरी दिसत नाही, थांबा दिसतो.

तपासणी 1: हे खरंच आरएनजीचं दुखणं आहे का

फुकट आणि दोन मिनिटांची. गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) बघा. ‘सीआरएनजी इनिट डन’ ही ओळ शोधा आणि तिच्यासमोरचे सेकंद वाचा. दोन-तीन सेकंदांत ओळ आली असेल आणि कर्नल नवा असेल, तर कर्नलच्या यादृच्छिक आकड्यांना सुरुवातीचं बी मिळालेलं आहे आणि एसएसएचचा उशीर दुसरीकडून येतोय. बहुतेक वेळा तो उलट डीएनएस शोधाचा असतो: ऑफिसचा डीएनएस बंद असतो आणि एसएसएच सर्व्हर तुमच्या आयपीचं नाव शोधत बसतो. फरक ओळखायला सोपा आहे. डीएनएसचा उशीर प्रत्येक लॉगिनला होतो, एन्ट्रॉपीचा बूटनंतर पहिल्या काही मिनिटांतच.

ही पायरी गाळू नका. मर्यादा काढून टाकल्यावर ‘बरं वाटलं’ आणि दोन दिवसांनी परत तेच, असं झालं की समजायचं, दुखणं कधी आरएनजीचं नव्हतंच.

तपासणी 2: कर्नल किती जुना

यूनेम कमांडने गेस्टचा आणि होस्टचा, दोघांचा कर्नल बघा. पुढचं सगळं यावर ठरतं.

5.6 च्या आधीच्या कर्नलवर, म्हणजे मार्च 2020 च्या आधीच्या, डेव्ह-रँडम, म्हणजे कर्नलची यादृच्छिक बाइट देणारी फाइल, साठा कमी झाला की वाचणाऱ्याला थांबवून ठेवतं. 5.6 पासून ते एकदा तयार झालं की थांबवत नाही. त्याच्या जरा आधी, 5.4 मध्ये, बूटच्या वेळी कर्नलने सीपीयूच्या वेळेतल्या सूक्ष्म फरकांतून स्वतःच एन्ट्रॉपी गोळा करण्याची सोय आली. म्हणून नव्या गेस्टवर हा बिघाड जवळजवळ दिसत नाही. दिसलाच, तर कुणीतरी डेव्ह-एचडब्ल्यूआरएनजी (आरएनजी उपकरणाची फाइल) थेट वाचतंय, त्यासाठी तपासणी 4 कडे जा.

इथेच एक खोटी घंटा वाजते. प्रॉकमधल्या एन्ट्रॉपी-अव्हेल या फाइलीत जुन्या कर्नलवर 4096 पर्यंतचा आकडा यायचा, आणि 1000 च्या खाली गेला की धोका, असं मॉनिटरिंगमध्ये बसवलेलं असतं. 5.18 पासून तिथे कायम 256 दिसतं. तेवढंच त्या साठ्याचं माप आहे. म्हणजे गेस्ट अपग्रेड केला की दुसऱ्या दिवसापासून रात्री-बेरात्री एसएमएस सुरू. यंत्र ठणठणीत आहे, अलर्ट बदला.

तपासणी 3: उपकरण जोडलेलं आहे का

गेस्टमध्ये सिस खाली, एचडब्ल्यू-रँडमच्या फोल्डरमध्ये आरएनजी-करंट नावाची फाइल आहे. तिच्यात ‘व्हर्टआयओ-आरएनजी.0’ असं यायला हवं. ‘नन’, म्हणजे काहीच नाही, असं आलं तर दोन शक्यता: होस्टने उपकरण दिलेलंच नाही, किंवा गेस्टमध्ये ड्रायव्हरचं मॉड्यूल चढलेलं नाही. एलएसपीसीआयमध्ये (उपकरणांच्या यादीत) उपकरण दिसतंय पण इथे नाव नाही, तर मॉड्यूल. मर्यादेशी खेळण्याआधी हे बघायचं, कारण नळच नसेल तर तो किती उघडा आहे हे मोजण्यात अर्थ नाही.

तपासणी 4: कोटा कोण खातंय

एलसॉफ किंवा फ्यूझर (फाइल कोण वापरतंय ते सांगणाऱ्या कमांड) डेव्ह-एचडब्ल्यूआरएनजीवर चालवा. बहुतेक वेळा आरएनजीडी सापडतो. तो वाईट नाही, जुन्या गेस्टवर तोच तर होस्टकडून आलेले बाइट कर्नलच्या साठ्यात ओततो. पण त्याची एक सवय माहीत असली की लाखाच्या घरातल्या आकड्याचा उलगडा होतो. आरएनजीडी आलेले बाइट तसेच पुढे ढकलत नाही. 20000 बिटांचा, म्हणजे 2500 बाइटचा गठ्ठा पूर्ण झाला की त्याची फिप्स 140-2 या अमेरिकी सुरक्षा मानकाची सांख्यिकी चाचणी घेतो आणि पास झाला तरच आत टाकतो.

आता हिशेब करा. कोटा 1024 बाइटचा असेल तर 2500 साठी तीन कोटे लागतात: 1024, परत 1024, आणि उरलेले 452. पहिला लगेच मिळतो, पुढच्या दोनसाठी दोन पीरियड थांबायचं. पीरियड एका सेकंदाचा असेल तर दोन सेकंद, कुणाला कळणारही नाही. पीरियड 65536 मिलिसेकंदांचा असेल तर 131 सेकंद. टॉमकॅटच्या लॉगमधला लाखाच्या वरचा आकडा इथून येतो.

आरएनजीडीशिवाय कुणी सापडलं, उदाहरणार्थ डिस्क पुसायची जुनी स्क्रिप्ट किंवा कुणाचा ‘आरएनजी चाचणी’चा क्रॉन, तर आधी ते बंद करा. हे उपकरण एकावेळी एकाच वाचकाला सोडतं. तो थांबला की मागचे सगळे त्याच्या मागे रांगेत उभे राहतात, त्यांना चारच बाइट हवे असले तरी.

तपासणी 5: वेग मोजा

डीडीने डेव्ह-एचडब्ल्यूआरएनजीमधून 64 बाइटचे 32 तुकडे वाचून डेव्ह-नलमध्ये टाका, म्हणजे एकूण 2048 बाइट. घड्याळ लावा. चटकन झालं तर मर्यादा सैल आहे किंवा नाहीच. सेकंदभर लागला तर 1024 आणि एक सेकंद, हे नेहमीचं माप. मिनिटाच्या वर गेलं तर पीरियड मोठा आहे, पैज लावून सांगतो.

ही चाचणी स्वतःच कोटा खाते. चालू गोडाऊनच्या वेळात करू नका, बिलं अडकतील आणि तुम्हाला वाटेल की आजार सापडला. आणि आकडा उगाच मोठा देऊ नका. मेगाबाइटभर मागून बसलेला डीडी, घट्ट मर्यादेवर, संध्याकाळपर्यंत उठत नाही.

तपासणी 6: होस्टवरचं सेटिंग वाचा

इथून पुढे होस्टचा अधिकार लागतो. नसेल तर खाली ‘कधी थांबायचं’ वाचा.

लिब्व्हर्ट (व्हीएम सांभाळणारं साधन) असेल तर व्हर्श डम्पएक्सएमएलने व्हीएमचं एक्सएमएल काढा आणि आरएनजीच्या भागात रेट ही ओळ शोधा. तिच्यात बाइट्स आणि पीरियड असतात. पीरियड मिलिसेकंदांत असतो, सेकंदांत नाही. पीरियड लिहिलेलाच नसेल तर लिब्व्हर्ट तो 1000 धरतं, म्हणजे एक सेकंद.

क्यूएमू थेट कमांडने किंवा हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टने चालवत असाल तर खरा खड्डा इथे आहे. तिथे मॅक्स-बाइट्स दिले आणि पीरियड दिला नाही, तर क्यूएमूचा आपला पीरियड लागू होतो, आणि तो 65536 मिलिसेकंद आहे. म्हणजे कुणीतरी लिब्व्हर्टच्या एक्सएमएलमधला 1024 हा आकडा उचलून क्यूएमूच्या स्क्रिप्टमध्ये टाकतो, ‘सेकंदाला एक केबी’ असं समजतो, आणि प्रत्यक्षात मिनिटाला एक केबी मिळतो. तोच आकडा, दोन ठिकाणी पासष्टपट फरक. पासष्ट सेकंदांचा ताल दिसला की मी सरळ ही स्क्रिप्ट मागतो, बाकीचं नंतर.

प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या कॉन्फिग फाइलीत आरएनजी0 ही ओळ बघा. तिथे काही न लिहिल्यास 1024 बाइट आणि 1000 मिलिसेकंद धरले जातात आणि बहुतेकांना ते पुरतं. बाइटच्या जागी शून्य म्हणजे बंद नव्हे, अमर्याद. ‘या व्हीएमला काही देऊ नको’ म्हणून शून्य टाकणाऱ्याला नेमकं उलटं मिळतं.

फायरक्रॅकर या छोट्या व्हीएमच्या साधनावर चालणारे नाशिकमध्ये थोडेच, पण त्यांच्यासाठी: तिथली मर्यादा टोकनच्या बादलीची आहे. साइझ, रिफिल-टाइम आणि वन-टाइम-बर्स्ट अशी तीन मापं असतात. बादली गेलेल्या वेळेच्या प्रमाणात भरत राहते, त्यामुळे क्यूएमूसारखा ताल दिसत नाही, नुसती रखडपट्टी दिसते. बूटच्या वेळची गरज भागवायला साइझ फुगवू नका, वन-टाइम-बर्स्ट त्याचसाठी आहे. एकदा वापरला की संपला.

तपासणी 7: बदल आणि पूर्ण बंद करून चालू

जुन्या गेस्टसाठी मी 1024 बाइट आणि 1000 मिलिसेकंद ठेवतो. सेकंदाला 8192 बिट होतात. 4096 बिटांचा जुना साठा अर्ध्या सेकंदाच्या कोट्यात भरतो, आणि नव्या कर्नलला सुरुवातीला 256 बिट, म्हणजे अवघे 32 बाइट लागतात. यापेक्षा मोठा आकडा कुणी मागितला तर आधी कशासाठी ते विचारा. मर्यादा साफ काढून टाकणं मला पटत नाही. एका व्हीएममधला बेभान लूप होस्टच्या क्यूएमूला कामाला लावतो आणि त्याच व्हीएमची डिस्क, नेटवर्क त्यात अडखळू शकतं.

व्हर्श एडिटने केलेला बदल गेस्टच्या आतून रिबूट करून लागू होत नाही. व्हीएम पूर्ण बंद करायची आणि होस्टवरून चालू करायची. खात्रीसाठी डम्पएक्सएमएल दोनदा काढा, एकदा साधं आणि एकदा इनअ‍ॅक्टिव्ह पर्याय देऊन. दोन्हींत रेट वेगळा दिसला तर चालू व्हीएम अजून जुन्याच मापावर आहे. ‘सर, बदल केला, फरक नाही’ या फोनचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

तपासणी 8: होस्टचा स्रोत

एकटी व्हीएम सुरू केली तर झटपट आणि लाइट आल्यावर सगळ्या एकदम उठल्या की सगळ्या रखडल्या, तर मर्यादेला दोष देऊ नका. मर्यादा प्रत्येक उपकरणाची वेगळी असते, शेजारच्या व्हीएममुळे ती बदलत नाही. सामायिक आहे तो होस्टचा स्रोत. बॅकएंड (होस्टकडचा स्रोत) म्हणून डेव्ह-रँडम दिलेलं आणि होस्टचा कर्नल 5.6 च्या आधीचा, तर सगळ्या व्हीएम एकाच आटणाऱ्या साठ्यावर तुटून पडतात. बॅकएंड डेव्ह-यूरँडम (वाचणाऱ्याला न थांबवणारी फाइल) करा. होस्ट पूर्ण उठलेला असताना यात सुरक्षा कमी होत नाही. होस्ट नवा असेल तर दोन्हींत फरक उरलेला नाही.

होस्टचं डेव्ह-एचडब्ल्यूआरएनजी थेट व्हीएमला दिलेलं असेल तर होस्टवरचं आरएनजी-करंट वाचा. तिथे टीपीएमचं नाव आलं तर उत्तर मिळालं. टीपीएम किल्ल्या सांभाळायला बनवलेली चिप आहे, पाच व्हीएमना पुरवठा करायला नाही, ती फार सावकाश देते. होस्टला ती खुशाल वापरू दे, व्हीएमना यूरँडम द्या.

जे उपाय करू नयेत

गेस्टमध्ये आरएनजीडीला डेव्ह-यूरँडमचा स्रोत देऊन चालवा, असा सल्ला जागोजागी सापडतो. एन्ट्रॉपीचा आकडा झटक्यात वर जातो आणि लोक खूश होतात. पण कर्नलने दिलेलेच बाइट कर्नलला ‘नवीन’ म्हणून परत पाजले आहेत, आकडा खोटा आहे. डेव्ह-रँडम पुसून त्याजागी यूरँडमची लिंक करणं हाही त्यातलाच प्रकार. यादृच्छिकपणा पातळ झाला तर काय होतं, ते 2008 साली डेबियनमध्ये दिसलं आहे. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या एका बदलामुळे किल्ली निव्वळ प्रोसेस आयडीवर ठरत होती, एका प्रकारच्या किल्ल्यांची शक्यता 32768 वर आली, आणि जगभरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. त्या सर्व्हरवरही सगळं सुरळीतच चाललेलं दिसत होतं.

हॅवेज्ड (एन्ट्रॉपी बनवणारा प्रोग्राम) जुन्या गेस्टवर चालेल. 5.6 नंतरच्या कर्नलवर त्याची गरज नाही, काढून टाका. जावाला यूरँडमचा मार्ग देणारं सेटिंग (ते मधला विचित्र टिंब असलेलं) सेंटओएस 7 च्या गेस्टवर तात्पुरतं लावायला हरकत नाही. होस्टला हात लावायची परवानगी मिळेपर्यंत तेवढ्याने सकाळची गाडी निघते.

कधी थांबायचं

व्हीएम भाड्याची असेल, म्हणजे होस्ट दुसऱ्याचा असेल, तर तपासणी 5 नंतर थांबा. गेस्टमधून मर्यादा बदलता येत नाही, आणि तसं करून देतो म्हणणाऱ्याला यंत्राजवळ येऊ देऊ नका. पुरवठादाराकडे तिकीट टाका.

त्या व्हीएमवर डिजिटल सह्या, प्रमाणपत्रांच्या किल्ल्या किंवा पतसंस्थेचे व्यवहार असतील तर स्रोत बदलण्याआधी सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. फिप्सची अट असेल तर त्याहून आधी. एकाच टेम्पलेटवरून किंवा स्नॅपशॉटवरून काढलेल्या व्हीएममध्ये सारख्याच एसएसएच होस्ट-किल्ल्या सापडल्या, तर हा वेगाचा प्रश्न राहिलाच नाही. कुठल्या किल्ल्या बाद करायच्या, हे जाणकारानेच ठरवावं.

आणि सगळ्या तपासण्या पार करूनही ताल तसाच राहिला, तर क्यूएमू किंवा होस्टचा कर्नल बदलण्याचा विषय येतो. उत्पादनातल्या होस्टवर, बॅकअप परत आणून बघितलेला नसताना, ते एकट्याने करायचं काम नाही. बोलावलेल्या माणसाला दोन्हीकडचे कर्नल, क्यूएमूची आवृत्ती, दोन्ही एक्सएमएल आणि डीडीला लागलेला वेळ लिहून द्या, त्याचा पहिला तास वाचतो.